छप्पर होईपर्यंत बारमध्ये

प्रिय भावोजी,

वहिनीचा प्रभूमध्ये सलाम घ्या आणि त्यातला निम्मा जाऊबाईंना द्या (निम्माच, कारण माझ्या मागच्या दोन पत्रांना त्यांनी उत्तर दिलेलं नाही). तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते आधी कळवा. दिवसभर शिड्या चढणाऱ्या माणसाने गुडघा दुखतोय म्हणून लिहिलं की घरच्यांच्या जिवाला घोर लागतो, आणि तुम्ही ते लिहिता पत्राच्या शेवटी, सहीच्याही खाली, पेन्सिलीने. जाऊबाईंचं ब्लडप्रेशर ताळ्यावर असेल अशी आशा करते. नसेल तर हे पत्र त्यांना खुर्चीत बसवून, पाणी देऊन, मग वाचून दाखवा, कारण पुढे एक शब्द येणार आहे जो आपल्या घरात आजवर कुणी पत्रात लिहिलेला नाही. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. हे तर इतके बरे आहेत की मला त्यांची दृष्ट काढावीशी वाटते, पण त्याबद्दल नंतर.

पत्र लिहायला मला समितीने सांगितलं आहे. चर्चचं छप्पर पडून आता बरेच महिने झाले, आणि नव्या छपराचे नकाशे तुमच्या टेबलावर आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. सेक्रेटरीसाहेबांचं म्हणणं असं, की इंजिनियरसाहेबांना कचेरीच्या भाषेत पुष्कळ पत्रं गेली, एकाचाही उपयोग झाला नाही, तेव्हा आता त्यांच्या वहिनीने घरच्या भाषेत लिहावं. तर भावोजी, कृपा करून छप्पर लवकर करा. सगळी मंडळी डोळे लावून बसली आहे. हे समितीचं वाक्य झालं, ते मी लिहिलं. आता आम्ही बिनछपराचे कुठे कुठे आणि कसे राहिलो ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हांला घाई करावीशी वाटेल.

छप्पर पडलं ते सोमवारी. रविवारी पडलं असतं तर तुमच्यामागे तगादा लावायला समितीच उरली नसती, म्हणून आम्ही सगळ्यांनी आधी देवाचे आभार मानले आणि मग एकमेकांना दोष द्यायला सुरुवात केली. ढिगाऱ्याखाली सापडला तो ऑर्गन आणि गायनाच्या पुस्तकांचं कपाट. आमचे नवे पाळकसाहेब (वय इतकं लहान की मी त्यांना तोंडावर अहो म्हणते आणि मनात अरे) धुळीत उभे राहून म्हणाले, ही संधी आहे. ज्यात या माणसाला संधी दिसणार नाही अशी आपत्ती अजून घडायची आहे. त्यांची मोटारसायकल चोरीला गेली तेव्हाही त्यांना पायी घरोघर जाण्याची संधी दिसली होती. मंडळी म्हणजे भिंती नव्हेत, माणसं, असं त्यांनी आम्हांला समजावलं. माणसं आम्ही होतोच, मोजकी आणि बहुतेक चष्म्याची. प्रश्न एवढाच होता की बसायचं कुठे.

पहिला रविवार काढला व्यायामशाळेत. सगळ्या भिंतींना आरसे. पाळकसाहेब एकच, पण आम्हांला दिसत होते डझनभर, आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेला तोंड करून उपदेश करत होता. आम्हां बायकांना आपापल्या अंबाड्याची मागची बाजू आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसली आणि उपासनेतलं लक्ष तिथेच उडालं. खुर्च्या नव्हत्या, म्हणून ज्याला जे यंत्र सापडलं त्यावर तो टेकला. सेक्रेटरीसाहेब सायकलवर बसले आणि ऐकता ऐकता नकळत पायडल मारू लागले. उपदेश रंगला तसा त्यांचा वेग वाढला, आणि आशीर्वादाच्या वेळी दम लागून त्यांना आमेन म्हणता येईना. हेडबाई (शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, अजूनही सगळ्यांना उभं राहून बोलायला लावतात) पळायच्या पट्ट्यावर उभ्या होत्या आणि कुणाचा तरी कोपर त्याच्या बटणाला लागला. त्या पडल्या नाहीत हो. करारी चेहऱ्याने चालत राहिल्या, पापांची कबुली सबंध संपेपर्यंत, आणि नंतर म्हणाल्या की अंग मोकळं झालं. पण पुन्हा यायला त्या तयार झाल्या नाहीत, आणि हेडबाई नाही म्हणाल्या की आमच्यात ते नाहीच असतं.

पुढचा रविवार फर्निचरच्या दुकानात. ही जागा समितीला फार पसंत होती, कारण बसायची ददात नव्हती. तीच चूक झाली. आमच्या चर्चच्या बाकांवर माणूस जागा राहतो तो श्रद्धेपेक्षा पाठदुखीमुळे, हे आम्हांला त्या दिवशी कळलं. सोफ्यांवर बसल्यावर उपदेशाच्या पहिल्याच मुद्द्याला माना कलल्या आणि दुसऱ्याला घोरणं सुरू झालं. दुकानदाराने जागा फुकट दिली होती, पण गिऱ्हाईक आलं तर त्याला परत पाठवणार नाही हे आधीच बजावलं होतं. प्रार्थना चालू असताना एक जोडपं आलं आणि दुहेरी पलंग बघू लागलं. त्या पलंगावर आमचे गायनमास्तर गाढ झोपलेले. दुकानदाराने त्यांना न उठवता, गादी कशी आरामशीर आहे ते त्यांच्याकडे बोट दाखवून समजावून सांगितलं, आणि पलंग खपला. मास्तरांना हमालांनी उठवलं.

मग समितीच्या बैठकीत पाळकसाहेबांनी तो शब्द उच्चारला. (जाऊबाईंना आता पाणी द्या.) बार. चौकातला, निळ्या दाराचा. रविवारी दुपारपर्यंत बंद असतो, खुर्च्या भरपूर, पंखे चालतात, आणि मालकाने स्वतः होऊन विचारलं आहे, असं ते म्हणाले. अट एकच, की त्याच्या धंद्याचं वाईट व्हावं अशी प्रार्थना त्याच्याच छताखाली कुणी करू नये. आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले. महिला मंडळाची अध्यक्ष मी, दारूच्या दुष्परिणामांवर दरवर्षी भाषण करणारी मी. पण ते तेवढ्यासाठी बघत नव्हते, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. तुमच्या बंधुराजांची रविवार सकाळ कुठे जाते हे काही लपून राहिलेलं नाही.

ते पीत नाहीत, एवढं तुम्ही जाणताच. लिंबू-सोडा घेतात आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. मालक त्यांच्यापुरतं मागचं दार उघडतो, तो बाटल्या पुसत बसतो, हे कोडं सोडवत बसतात, दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत, आणि याला ते दोघंही मैत्री म्हणतात. यामागची हकिकत तुम्ही सासूबाईंकडून ऐकली असेल, तेव्हा तिच्यात मीठमसाला असणारच. खरी अशी. बाजारात लिलाव पुकारून पुकारून ह्यांचा आवाज कसा झालेला आहे ते तुम्हांला सांगायला नको. त्या पत्र्याच्या शेडमध्ये या टोकाला उभं राहून ते भाव पुकारतात आणि त्या टोकाच्या हमालाला ऐकू जातो. तोच आवाज ते गायनात घेऊन यायचे, खर्जात, अगदी मनापासून. अकरा वर्षांपूर्वी चर्चचा वर्धापनदिन होता, बाहेरून मोठे पाहुणे यायचे होते, आणि तालमीत सगळ्यांसमोर गायनमास्तर ह्यांना म्हणाले, तुम्ही त्या दिवशी नुसते ओठ हलवा. ह्यांनी वाद घातला नाही (छोट्या रागात ते वाद घालतात, मोठ्या रागात नाही). अंगातला पांढरा झगा काढला, त्याची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली, आणि म्हणाले, या छपराखाली मी पुन्हा पाय ठेवणार नाही. समोरच्या शिंप्याने ते दुकानात बसून ऐकलं, इतकं स्पष्ट म्हणाले.

तेव्हापासून ते चर्चमध्ये आले नाहीत, आणि गायलेही नाहीत. घरात नाही, रस्त्यात नाही, आंघोळ करताना नाही. भावोजी, लग्न झाल्यावर ज्या आवाजाला मी रोज सकाळी हळू हो, शेजारी आहेत, असं म्हणायची, त्याच आवाजाची वाट बघत मी न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन कितीदा उभी राहिले आहे. आतून फक्त पाण्याचा आवाज यायचा. समजूत घालून झाली, रडून झालं, अबोला धरून झाला (तो त्यांना आवडला, म्हणून सोडला). मास्तर माफी मागायला तयार नव्हते, कारण आपण काय बोललो तेच त्यांना आठवत नव्हतं. तेव्हा समिती माझ्याकडे बघत होती ती यासाठी. मी पदर सावरून म्हटलं, प्रभू पाप्यांच्या घरी जेवायला जात असे, आपण बारमध्ये जायला काय हरकत आहे. सगळ्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मन मोठं वगैरे काही नव्हतं, मला फक्त ह्यांना कोपऱ्यात गाठायचं होतं. घरी येऊन मात्र मी याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्या रविवारी मी अंगावर शाल आणि हातात दुहेरी चादर घेऊन निघाले. चादर यासाठी, की पाळकसाहेब जिथे उभे राहणार त्याच्या मागे बाटल्यांच्या फळ्याच फळ्या होत्या, त्या झाकायला. गुलाबाच्या फुलांची चादर, तुमच्याच लग्नात आलेली. मांडणी सगळी माझ्याकडे होती. टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या उतरवल्या, फिनेल आणि लिंबाच्या वासात पुसलेल्या काउंटरवर पांढरा रुमाल अंथरला, आणि फुलदाण्या ढिगाऱ्यात गेल्यामुळे फुलं बिअरच्या मगमध्ये ठेवली. (छान दिसतात. दांडा धरून उचलायलाही सोपं पडतं. मंडळाच्या बायकांना हे मी लेखी देणार नाही.) उंच स्टुलांवर म्हाताऱ्या बायकांना दोघादोघींनी मिळून चढवलं. एकदा चढल्या की त्यांना उतरता येत नाही, त्यामुळे उपदेश लांबला तरी कुणी मध्येच उठून गेलं नाही, हे पाळकसाहेबांनी लगेच हेरलं.

आणि कोपऱ्यात, खांबाजवळच्या टेबलाशी, पेपर उघडून हे बसलेले. त्यांनी पेपर खाली केला. मला पाहिलं, माझ्यामागून येणाऱ्या हेडबाईंना पाहिलं, सेक्रेटरीसाहेबांना पाहिलं, गायनमास्तरांना पाहिलं, आणि पेपर पुन्हा वर धरला. माझा जीव टांगणीला लागला होता. मालक काउंटरमागे इतका गंभीर चेहरा करून पेले पुसत होता, की यातलं त्याला आधीपासून सगळं माहीत होतं हे मला तिथल्या तिथे कळलं. हे उठले नाहीत. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, मी चर्चमध्ये पाय ठेवलेला नाही, मी माझ्या जागेवर बसलो होतो, चर्च आलं, आता आलेल्याला जा म्हणण्याची रीत आपल्या घरात नाही.

उपासना सुरू झाली आणि पहिल्याच स्तुतीला आमच्या पुढच्या रांगेतल्या दोघांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून हात वर केले. तसा आतून वेटर धावत आला. मिशीवाला, वयस्कर माणूस, त्या बारमध्ये केस पिकलेला. हात वर झाला की धावायचं, एवढंच त्याला माहीत. तो पहिल्याजवळ वाकून हळूच म्हणाला, बोला साहेब. साहेबांचे डोळे मिटलेले, ते म्हणाले, दया कर. तो बिचारा दुसऱ्याकडे गेला. तेवढ्यात मागचे तिघं हात वर करून उभे राहिले आणि त्याची धांदल उडाली. पाळकसाहेबांनी त्याला खूण करून शांत केलं, पण त्याच्याने काही स्वस्थ बसवेना. प्रभुभोजनाच्या वेळी त्याने छोट्या पेल्यांचा ट्रे सेवकाच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला (आमच्याकडे त्यात द्राक्षाचा साधा रस असतो, मी स्वतः उकळते) आणि असा झोकात, एका हातावर, एक थेंब न सांडता फिरवला की अशी सेवा आमच्या चर्चमध्ये कुणी पाहिली नव्हती. फक्त तो पेल्यांचा आकार बघून फार कष्टी झाला होता. परत फिरताना प्रत्येकाच्या कानाशी येऊन, रिपीट? असं विचारत होता. गायनमास्तरांना हल्ली ऐकू येत नाही, त्यांना वाटलं ही पाळकसाहेबांची नवी पद्धत, त्यांनी तीन घेतले.

चादरीचं सांगायचं राहिलं. पाळकसाहेब ऐन भरात आले होते, हात पसरून म्हणाले, बंधूंनो, डोळे उघडा आणि परमेश्वराने आपल्यासमोर काय वैभव मांडून ठेवलंय ते पाहा. आणि त्याच क्षणी माझी सेफ्टीपिन सुटली. चादर सळसळत खाली आली. खिडकीतून सकाळचं ऊन आलेलं, सगळ्या फळ्या लखलखल्या, तांबड्या, सोनेरी, हिरव्या. मग हेडबाईंच्या शेजारून एक म्हातारे गृहस्थ, जे एरवी कधी बोलत नाहीत, भरल्या आवाजात आमेन म्हणाले. पाळकसाहेबांनी मागे वळून पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेवढ्यात त्यांना त्यातही संधी दिसली असावी, कारण ते स्वतःच हसू लागले. मग मालक हसला, वेटर हसला, स्टुलांवरच्या बायका एकमेकींना धरून हसल्या. आपल्या चर्चमध्ये मी जन्मापासून जाते, पण सगळी मंडळी एका वेळी हसलेली मी कधी ऐकली नव्हती.

त्यानंतर गायन. ऑर्गन ढिगाऱ्यात, तेव्हा सूर गायनमास्तर देणार. त्यांना स्वतःचा सूर ऐकू येत नाही, त्यांनी दिला तो इतका वरचा की पहिल्या ओळीलाच पुरुषांनी हात टेकले, दुसरीला बायका किंचाळल्यासारख्या गाऊ लागल्या, आणि तिसरीला मी एकटी उरले (माझा आवाज तुम्ही ऐकलाय, त्यावर बोलायला नको). गाणं मध्येच बंद पडणार, सगळे चपला बघत उभे. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून, पेपरामागून, खालच्या सुरात, कुणीतरी तीच ओळ पहिल्यापासून धरली. पेपर तसाच वर होता. भावोजी, मी वळून बघितलं नाही, मला धीर झाला नाही. एकेक जण त्या सुराला येऊन मिळाला, काउंटरवरचे पेले बारीक वाजू लागले, आणि दुसऱ्या कडव्याला अख्खा बार गात होता. गायनमास्तर कानाला हात लावून इकडेतिकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. कोण आहे तो, असं त्यांनी मोठ्याने विचारलं, एवढा एकच मला ऐकू येतोय, त्याला म्हणावं अजून मोठ्याने.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि अकरा वर्षांची कसर भरून काढली. मी शालीत तोंड घालून रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण तिसऱ्या कडव्याला दार ढकलून लॉन्ड्रीवाला आत आला, बार लवकर उघडला असं समजून. दोन ट्रकवाले आले, रात्रपाळी संपवून घरी निघालेली एक नर्स आली. त्यांना कुणी जा म्हणालं नाही आणि ते गेलेही नाहीत. नर्स तर म्हणाली, मला फक्त बसायचं होतं कुठेतरी, घरी जाण्याआधी.

आता दर रविवारी तिथे खुर्च्या कमी पडतात. लॉन्ड्रीवाला झगे धुऊन आणतो. वेटर हात वर झाले तरी धावत नाही, पण हात वर करणाऱ्याच्या पुढ्यात जाता जाता पाण्याचा ग्लास ठेवतो, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेनंतर तो बरा वाटतो. मध्यंतरी पाण्याचा द्राक्षारस केल्याचा धडा वाचायचा रविवार आला. पाळकसाहेबांना घाम फुटला होता, पण धडा टाळता येत नाही. मालकाने हातातलं फडकं ठेवून शेवटपर्यंत ऐकलं आणि नंतर विचारलं, हे पुन्हा कधी आहे, मी भावाला घेऊन येईन. पाळकसाहेबांच्या शिडात आता वारा भरलाय. चर्च परत झालं तरी बुधवारची प्रार्थना ते बारमध्येच ठेवणार आहेत, आणि न्हाव्याच्या दुकानात एक वर्ग काढणार आहेत, कारण तिथे माणूस मान हलवू शकत नाही. आणि हे शनिवारी रात्री कोमट पाण्याच्या गुळण्या करतात. न्हाणीघरातून पुन्हा आवाज येतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली, मी त्यांना जेवायला बोलावलं.

तर असं आमचं चाललं आहे. बारमध्ये उपासना म्हणजे लोकांत केवढी चर्चा, मोठ्या चर्चचे लोक आम्हांला नावं ठेवतात, समितीला तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून छप्पर लवकर व्हावं. पाळकसाहेबांनी परवा ह्यांना विचारलं, नव्या चर्चमध्ये पहिल्या दिवशी तुम्हीच सूर द्याल ना? हे म्हणाले, शपथ ती शपथ. एवढंच म्हणाले, आणि कोडं सोडवायला लागले. तुम्ही नकाशे लवकर धाडा, मजूर लवकर लावा, समितीचा जीव भांड्यात पडेल. मुलांना पापा. गुडघ्याला शेक द्या.

तुमची,
वहिनी

ता. क. समितीसाठी लिहायचं ते वर लिहून झालं. आता माझं. भावोजी, छपराची अजिबात घाई करू नका. तुमचा गुडघा दुखतो आहे, शिडी चढू नका, पूर्ण बरं वाटेपर्यंत तिकडेच राहा. गुडघ्याची हेळसांड झाली तर जन्माचं दुखणं लागतं, हे मी तुमच्या भल्यासाठीच सांगते. नकाशे पुन्हा एकदा तपासा. मग जाऊबाईंना दाखवा. मग पुन्हा तपासा.

ता. क. दुसरा. मी काही खोटं करायला सांगत नाही. छप्पर पक्कं हवं, आणि पक्कं काम सावकाश होतं, एवढंच म्हणते. ज्या रविवारी छप्पर होईल त्या रविवारी मी चर्चमध्ये असेन आणि हे पुन्हा त्या कोपऱ्यात पेपर घेऊन बसतील. ते एकटे तिथे, मी एकटी इथे. मला ते आता सोसायचं नाही. पूर्वी सवय होती, आता मोडली आहे.

ता. क. तिसरा. पाकीट ह्यांच्याकडेच देते आहे, टपालपेटी त्यांच्या वाटेवर आहे. काळजी करू नका, ते कधी कुणाचं पत्र वाचत नाहीत. जाऊबाईंना सलाम पूर्ण द्या, निम्मा म्हटलं ते रागाच्या भरात.

*

धाकट्या,

पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. चिकटलेलं असतं तरी उघडलं असतं, कारण मी खोलीत आलो की तुझी वहिनी कागदावर टॉवेल टाकत होती.

तिचं ऐकू नकोस. छप्पर लवकर कर. बारचं छत फार बुटकं आहे, माझा आवाज वर जातो आणि लगेच माझ्याच डोक्यावर येऊन पडतो. मी शेडमध्ये पुकारणारा माणूस, मला उंची लागते. जुन्यापेक्षा थोडं उंच करता आलं तर बघ. पंखे खाली लोंबू देऊ नकोस.

शपथेचं मी बघून घेतो. मी म्हणालो होतो ते त्या छपराबद्दल. ते पडलं. तू घालशील त्याबद्दल मी काही बोललेलो नाही. मालकही येणार म्हणतो, पण मागच्या दाराने, तेव्हा मागे एक दार ठेव.

हे वहिनीला कळवू नकोस. कळवलंस तर ती आनंदाने सगळ्यांना सांगत सुटेल, सगळे माझं कौतुक करायला येतील, आणि मग मला अडून बसावं लागेल. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

आणखी एक. लोक मला सांगतात की इतकी वर्षं ती तिसऱ्या बाकावर शेजारच्या जागेवर पर्स ठेवून बसायची, आणि कुणी बसायला आलं तर माणूस येतोय म्हणून सांगायची. बाकं सगळी नवीन करणार असशील तर कर. ते एक जुनंच ठेव.